तंद्रीतले बोलणे, अतींद्रिय प्रयोग आणि रोजची स्वयंसूचना : नवशिक्यांनी कोणत्या क्रमाने जावे

चॅनेलिंगची, म्हणजे तंद्रीत जाऊन आपल्या तोंडून 'दुसऱ्या कोणाचे' बोलणे येऊ देण्याची ओढ ज्यांना लागते, ते बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. खोलीत अंधार करतात, उदबत्ती लावतात, प्लँचेटची वाटी किंवा कागद-पेन्सिल पुढे घेतात आणि कोणी येते का याची वाट पाहत बसतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. या क्षेत्रात हाताला लागणारी, कोणालाही स्वतःवर तपासता येणारी आणि दैनंदिन उपयोगाची गोष्ट म्हणजे सूचनेची शक्ती, आणि तंद्रीतले बोलणे समजून घ्यायचे असेल तर आधी सूचना आपल्यावर कशी काम करते हे ओळखावे लागते. म्हणून या लेखात आधी वही, मग सूचना, मग साधे अंदाजाचे प्रयोग आणि सर्वांत शेवटी तंद्री असा क्रम ठेवला आहे. दोन-तीन महिने पहिल्या तीन टप्प्यांवर गेले तर तो वेळ वाया गेला असे मुळीच समजू नये.

या लेखात वारंवार येणारे उदाहरण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावचे आहे. तेथे राहणाऱ्या लेखिका जेन रॉबर्ट्स आणि त्यांचे चित्रकार पती रॉबर्ट बट्स यांनी १९६३ च्या डिसेंबरात ओईजा बोर्डवर, म्हणजे प्लँचेटसारख्याच अक्षरे लिहिलेल्या फळीवर, बसायला सुरुवात केली. काही दिवसांतच बोर्डवरून 'सेथ' असे नाव सांगणारे व्यक्तिमत्त्व प्रकट झाले आणि थोड्याच आठवड्यांत जेनबाई बोर्ड बाजूला ठेवून तंद्रीत त्याचे बोलणे स्वतःच्या आवाजात सांगू लागल्या. सेथ कोण होता याबद्दल वाचकांनी आपापले मत जरूर बनवावे, परंतु नवशिक्याने या जोडप्याकडून सर्वांत आधी घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे रॉबर्ट बट्स यांची टिपणे. पत्नी बोलत असताना ते समोर बसून शब्दन्‌शब्द उतरवून घेत, मधल्या विश्रांतीच्या वेळा नोंदवत, तंद्री किती खोल वाटली आणि आवाज कसा बदलला हे लिहीत, आणि नंतर सगळे टंकलिखित करून ठेवत. हे काम त्यांनी वीस वर्षे केले. ती कागदपत्रे आज येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

आधी वही

शिवलेली, पाने सहज फाडता येणार नाहीत अशी वही घ्यावी आणि पहिल्याच दिवशी सर्व पानांवर क्रमांक घालावेत. नोंद शाईच्या पेनने करावी, तारीख आणि वेळ लिहावी, खाडाखोड करायची झाल्यास एक रेघ मारून जुना मजकूर वाचता येईल असा ठेवावा. मोबाइलमध्ये नोंद ठेवणे सोयीचे असले तरी तेथे मागाहून बदल करणे फार सोपे असते आणि आपली स्मृती नेमका तोच बदल सुचवते. पुढे सांगितलेल्या प्रत्येक प्रयोगाचा एक नियम समान आहे : निकाल कळण्यापूर्वी जे लिहिले तेवढेच मोजायचे. 'मला वाटलेच होते' या वाक्याला वहीत जागा नाही.

काही व्यक्तींनी मात्र हे प्रयोग, विशेषतः तंद्रीचे, करू नयेत. पूर्वी भास होण्याचा किंवा तीव्र मानसिक आजाराचा त्रास झाला असेल, अपस्मार असेल, घरात नुकताच मृत्यू झाला असेल, किंवा सलग रात्री झोप होत नसेल, तर सूचना आणि तंद्री यांनी मनाची पकड सैल होण्याचा धोका असतो. लहान मुलांना माध्यम म्हणून बसवणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे.

सूचना डोळ्यांनी पाहणे

सूचनेवर व्याख्यान ऐकण्यापेक्षा ती एकदा स्वतःच्या बोटांत पाहिलेली बरी. एक वीतभर लांब मजबूत दोरा घ्यावा आणि त्याला अंगठी किंवा लोखंडी नट बांधावा. कोऱ्या कागदावर मोठे वर्तुळ काढून त्यात उभी आणि आडवी अशा दोन रेषा काढाव्यात. कोपर टेबलावर टेकवून दोऱ्याचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरावे, अंगठी दोन्ही रेषांच्या छेदावर स्थिर होऊ द्यावी आणि मग हात मुद्दाम न हलवता नजर उभ्या रेषेवरून वर-खाली फिरवत ठेवावी. बहुतेकांच्या बाबतीत थोड्याच वेळात अंगठी त्या रेषेवरून झुलू लागते. आता नजर आडव्या रेषेवर न्यावी. झोका मंदावतो, क्षणभर घुटमळतो आणि दिशा बदलतो. वर्तुळावर नजर फिरवली तर अंगठी गोल फिरू लागते. हात आपण हलवत आहोत असे एकदाही जाणवत नाही, आणि हीच या प्रयोगातली शिकण्याची गोष्ट आहे.

पुढचा भाग सहसा कोणी करत नाही, पण तो अवश्य करावा. डोळे मिटावेत आणि सोबत्याला कागद आपल्याला न सांगता फिरवायला सांगावा. अंगठीला कागदावरची रेषा कळत नाही, आपल्या मनातली कळते, असे दिसून येईल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी लोलकाच्या याच परीक्षेबद्दल १८३३ मध्ये लिहिले होते. पुढे १८५३ मध्ये इंग्लंडात टेबले आपोआप फिरण्याचे वेड पसरले, तेव्हा मायकेल फॅरडे यांनी टेबल आणि बसणाऱ्यांचे हात यांच्यामध्ये मऊ चिकट पदार्थाने जोडलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले. वरचे थर खालच्यांच्या पुढे सरकलेले आढळले, म्हणजे टेबल हातांना ओढत नव्हते, हातच टेबलाला ढकलत होते. बसणारी माणसे प्रामाणिक होती, त्यांना याचा पत्ता नव्हता इतकेच. प्लँचेटवर बसण्याआधी लोलकाचा हा प्रयोग ज्याने केला आहे, तो वाटी सरकली म्हणून घाबरत नाही आणि हुरळूनही जात नाही.

रोजची स्वयंसूचना

स्वयंसूचनेची सर्वांत साधी आणि आजही उपयोगी पद्धत एमिल कुए यांची आहे. फ्रान्समधील त्र्वा येथे १८५७ मध्ये जन्मलेले कुए व्यवसायाने औषधविक्रेते होते. औषध देताना त्याची स्तुती केली तर त्याचा गुण अधिक येतो हे त्यांच्या ध्यानात आले, नान्सी येथील संमोहनतज्ज्ञांच्या कामाचा त्यांनी अभ्यास केला आणि अखेर संमोहन करणारी दुसरी व्यक्तीच नको, माणसाने स्वतःला सूचना द्यावी, या निष्कर्षाला ते आले. रोज सर्व बाबतींत मी अधिकाधिक चांगला होत आहे, या अर्थाचे एकच वाक्य सकाळी उठताना आणि रात्री झोपताना वीस वेळा पुटपुटायचे, एवढाच त्यांचा मुख्य उपाय. मोजण्यात मन गुंतू नये म्हणून वीस गाठींची दोरी हातात धरायला ते सांगत. आपल्याकडे ज्यांच्या घरी जपमाळ आहे त्यांना ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

वाक्य स्वतःचे बनवायचे असेल तर काही काळजी घ्यावी. ते छोटे असावे, वर्तमानकाळात असावे आणि त्यात नको असलेल्या गोष्टीचे नाव नसावे. 'मला सभेत भीती वाटणार नाही' असे म्हणताना मन भीतीच चघळत राहते. त्याऐवजी 'मी सभेत शांतपणे आणि स्पष्ट बोलतो' किंवा 'बोलते' हे बरे. 'प्रयत्न करीन' हे शब्द टाळावेत, कारण त्यांत अपयशाची तयारी आधीच करून ठेवलेली असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जोर लावू नये. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते, असे कुए यांचे निरीक्षण होते. झोप येत नसताना 'आता झोपायचेच' म्हणून दात-ओठ खाणाऱ्याची उरलीसुरली झोपही उडते, हे प्रत्येकाने अनुभवलेले आहे. म्हणून सूचना अर्धवट झोपेत, ओठ हलतील इतक्याच आवाजात, एकसुरी पुटपुटावी आणि सोडून द्यावी. जेन रॉबर्ट्स यांच्या बैठकांमध्येही नव्या समजुती रुजवण्यासाठी दिवसाला फार तर पाच ते दहा मिनिटे द्यावीत आणि मग तो विषय मनातून काढून टाकावा, असाच सल्ला आढळतो. दिवसभर घोकत राहणे म्हणजे पेरलेले बी उगवले का हे रोज उकरून पाहण्यासारखे आहे.

पहिली सूचना म्हणून स्वप्ने आठवण्याची सूचना मी आग्रहाने सुचवतो, कारण तिचा परिणाम लवकर दिसतो आणि तो वहीत मोजता येतो. एक आठवडा काहीही सूचना न देता, सकाळी किती स्वप्ने आठवली ते फक्त लिहावे. पुढचे दोन आठवडे झोपताना 'सकाळी उठल्यावर मला माझी स्वप्ने आठवतात' हे वाक्य म्हणावे. वही आणि पेन उशाशी असावे, जाग आल्यावर कूस न बदलता आधी मागोवा घ्यावा आणि मगच लिहावे. नोंदी वाढलेल्या बहुतेकांना दिसतात. अर्थात उशाशी वही ठेवण्याचाही त्यात वाटा असतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातही वही तेथेच असायला हवी, नाहीतर तुलना बरोबर होत नाही.

सूचनेची मर्यादा येथेच स्पष्ट लिहितो, कारण या विषयात माणसांचे खरे नुकसान याच ठिकाणी होते. झोप, अस्वस्थता, सभाधीटपणा, सवयी, वेदनेची तीव्रता यांवर सूचनेचा परिणाम होऊ शकतो. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा इतर कोणत्याही आजाराच्या गोळ्या तिच्या भरवशावर बंद करायच्या नसतात. मी कोणालाही बरे करत नाही, असे कुए स्वतः सांगत आणि डॉक्टरांना सोडा असे त्यांनी शिकवले नाही. जेन रॉबर्ट्स यांना संधिवाताने अनेक वर्षे ग्रासले होते, शेवटचा काळ त्यांनी रुग्णालयात काढला आणि १९८४ मध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. विचारांनी वास्तव घडते असे सांगणाऱ्या बैठका ज्यांच्या तोंडून झाल्या त्यांच्याही वाट्याला हे आले, ही गोष्ट त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लक्षात ठेवावी.

अंदाजाचे प्रयोग

आता अतींद्रिय म्हणवल्या जाणाऱ्या प्रयोगांकडे वळता येईल. एल्मायरातला एक प्रयोग घरबसल्या करता येतो. सकाळी दोन-तीन मिनिटे शांत बसून त्या दिवसाबद्दल जे शब्द किंवा चित्रे मनात येतील ती विचार न करता लिहावीत आणि रात्री पडताळावीत. अडचण पडताळण्यात आहे. 'पाणी' असे लिहिले तर मुंबईत जुलै महिन्यात ते रोजच खरे ठरेल. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे, ती लिहितानाच, काय घडले तर ती बरोबर धरायची हे नमूद करावे आणि पडताळणी शक्यतो दुसऱ्याकडून करून घ्यावी.

पत्त्यांचा प्रयोग अधिक नेमका आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. राइन यांनी १९३० च्या दशकात पाच चिन्हांच्या पंचवीस पत्त्यांचा संच वापरला, तो मानसशास्त्रज्ञ कार्ल झेनर यांच्या नावाने ओळखला जातो. घरात साधा पत्त्यांचा जोड पुरतो. सोबत्याने दुसऱ्या खोलीत बसून प्रत्येक वेळी पूर्ण जोड पिसावा, एक पत्ता काढून त्याचा रंग, म्हणजे बदाम, चौकट, किलवर की इस्पिक, लिहावा, पत्ता परत जोडात घालावा आणि केवळ टकटक करून इशारा द्यावा. तुम्ही आपला अंदाज वहीत लिहावा. असे चाळीस वेळा केले तर निव्वळ योगायोगाने सरासरी दहा अंदाज बरोबर येतील, आणि पाचपासून पंधरापर्यंत कोणताही आकडा आला तरी त्यात नवल नाही. एखाद्या दिवशी सोळा येतील, त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जाहीर करण्याची घाई करू नये. बैठकांची संख्या आधी ठरवावी, मनासारखा आकडा आला म्हणून मध्येच थांबू नये आणि वाईट गेलेली बैठक 'आज मन लागत नव्हते' म्हणून वगळू नये.

बंद पाकिटांचा प्रयोग बट्स यांनी १९६५ च्या सुमारास बराच काळ केला. एखादा कागद किंवा चित्र पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून ते दुहेरी पाकिटात बंद करायचे आणि बैठकीत त्याबद्दल काय सुचते ते नोंदवायचे, असे त्याचे स्वरूप होते. या रचनेत एक उणीव राहते : पाकीट तयार करणारा समोर बसलेला असतो, आणि श्वास, डोळे, पेन थांबणे यांतून माणूस नकळत बरेच सांगून जातो. घरी करताना तिसऱ्या व्यक्तीने एकमेकांशी अजिबात साम्य नसलेली पाच चित्रे पाच सारख्या पाकिटांत घालून द्यावीत आणि स्वतः तेथे थांबू नये. एक पाकीट पिसून निवडावे, बंद ठेवूनच त्याविषयीचे वर्णन लिहावे. नंतर ज्याला निवड माहीत नाही अशा चौथ्या व्यक्तीने पाचही चित्रे पाहून ते वर्णन कोणत्या चित्राशी सर्वाधिक जुळते ते सांगावे. योगायोगाने सरासरी पाचांत एकदा बरोबर येईल, त्यापेक्षा किती अधिक येते एवढाच प्रश्न उरतो. महाराष्ट्रात २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या सहभागाने ज्योतिषाची जी चाचणी झाली, तिच्यामागेही हाच विचार होता : सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या, कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची एवढेच विचारले आणि उत्तरे हाती आल्यानंतर मोजणी केली. नाणे उडवून मिळाले असते त्यापेक्षा चांगले यश त्यांना मिळाले नाही.

तंद्री आणि तंद्रीतले बोलणे

इथपर्यंत आलेल्याला तंद्रीचा प्रयोग करण्यास हरकत नाही, परंतु एकट्याने नव्हे. एक जण बसेल आणि दुसरा नोंद करील. खोलीत बेताचा उजेड असावा, पोट फार भरलेले नसावे, मद्य किंवा नशा कटाक्षाने टाळावी. सुरुवातीला वीस मिनिटांचा गजर लावावा आणि तो वाजला की बोलणे कितीही रंगलेले असले तरी थांबावे. पाय जमिनीवर टेकवून बसावे, पायांपासून डोक्यापर्यंत एकेक अवयव सैल सोडावा, श्वास मोजत राहावे, आणि 'मी माझ्या इच्छेने थांबू शकतो' ही सूचना आरंभीच तीनदा द्यावी. मांडीवर पाटी आणि कागद असल्यास हाताला लिहू देणे हे बोलण्यापेक्षा सोपे जाते. पहिल्या बैठकांत रेघोट्या, तुटक शब्द, नाहीतर काहीच नाही, असेच होते. शेवटी डोळे उघडून स्वतःचे नाव, तारीख आणि स्थळ मोठ्याने सांगावे, पाणी प्यावे, थोडे चालावे.

बोलणे किंवा लिहिणे सुरू झाले की ते कोणाचे, हा प्रश्न येतोच. येथे जिनिव्हातील एलेन स्मिथ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या माध्यमाचे उदाहरण भारतीय वाचकाने जाणून घ्यावे असे आहे. मानसशास्त्रज्ञ तेओदोर फ्लूर्न्वा यांनी १८९० च्या दशकात त्यांच्या बैठकांचा काही वर्षे अभ्यास केला. तंद्रीत या बाई मंगळावरची भाषा बोलत, तसेच पंधराव्या शतकातील कानडा प्रांतातली सिमंदिनी नावाची राणी होत, पती 'सिवरुका' आणि त्याचा चंद्रगिरी किल्ला यांचे वर्णन करत, आणि संस्कृतसारखे काही उच्चारत. ते उच्चार तपासायला फ्लूर्न्वा यांनी थोर भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांना बोलावले. काही तुकडे संस्कृताची आठवण करून देणारे होते, पण त्यांची धड वाक्ये होत नव्हती. मंगळाच्या भाषेचे व्याकरण फ्रेंचच्या वळणाचे निघाले. आणि राजा व किल्ला यांचा उल्लेख फ्लूर्न्वा यांना भारताच्या एका जुन्या फ्रेंच इतिहासात सापडला, ज्याच्या प्रती जिनिव्हातच उपलब्ध होत्या. बाई लबाड होत्या असे त्यांनी म्हटले नाही. वाचलेले, ऐकलेले, पूर्णपणे विसरलेले मन जपून ठेवते आणि तंद्रीत त्यातून सबंध माणसे उभी करते, हे त्यांनी दाखवले, आणि मला ते परलोकाच्या संदेशाइतकेच अद्भुत वाटते.

म्हणून आलेल्या मजकुरातली तपासता येणारी विधाने, म्हणजे नावे, सन, ठिकाणे, वेगळ्या पानावर उतरवावीत आणि हे आपल्याला पूर्वी कोठे भेटले असेल याचा शोध प्रामाणिकपणे घ्यावा. उरलेला मजकूर, उदाहरणार्थ जगण्याविषयीचा सल्ला किंवा सुंदर गद्य, त्याच्या गुणावर वाचावा. चांगला विचार असेल तर तो कोणाच्या तोंडून आला यामुळे त्याची किंमत वाढत नाही. औषधोपचार, पैशाची गुंतवणूक, लग्न जुळवणे-मोडणे, चोरी कोणी केली, करणी कोणी केली असे प्रश्न विचारूच नयेत. दुसऱ्यासाठी, विशेषतः दुःखात असलेल्यासाठी, त्याच्या मृत नातेवाइकाशी 'बोलून देणे' हे नवशिक्याचे काम नाही, आणि त्याचे पैसे घेणे तर नाहीच.

आपल्याकडे अंगात येण्याची जुनी परंपरा असल्यामुळे भोवतालचे लोक माध्यमाला लवकर देवत्व देऊ लागतात, याचे भान घरातल्यांनीही ठेवावे. अतींद्रिय शक्ती अंगात आल्याचे भासवून इतरांच्या मनात भीती निर्माण करणे, किंवा सांगितलेले ऐकले नाही तर वाईट होईल अशी धमकी देणे, हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. पाया पडायला किंवा प्रश्न घेऊन कोणी येऊ लागले की बैठक त्या दिवशी रद्द करावी.

काही खुणा दिसल्या तर प्रयोग पूर्णपणे बंद करावेत : आवाज बैठकीबाहेर, न बोलावता ऐकू येऊ लागणे, तो आज्ञा देऊ लागणे, झोप उडणे, घरच्यांविषयी संशय वाढणे, कामात लक्ष न लागणे, किंवा ठरलेल्या वेळी थांबता न येणे. अशा वेळी मांत्रिकाकडे न जाता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो.

एल्मायरात बैठकांचे वार ठरलेले होते, सोमवार आणि बुधवार, रात्री नऊच्या सुमारास. नवशिक्याला आठवड्यातून एक बैठक पुरे आहे. काहीच आले नाही तर त्या दिवसाच्या पानावर तारीख घालून 'काही नाही' असे लिहावे, नोंद करणाऱ्याने खाली सही करावी, आणि पुढच्या बैठकीपर्यंत वही सोबत्याच्या ताब्यात राहू द्यावी.